वसंतासाठी ड्रेस की टॉप? आधी कंबरेची शिवण बघा

ड्रेस आणि टॉप यांच्यातला खरा फरक कंबरेवर आहे. ड्रेसमध्ये वरचा भाग कुठे संपतो आणि घेर कुठे सुरू होतो, हे शिवणाऱ्याने कायमचं ठरवून टाकलेलं असतं. टॉप घेतला तर तीच रेघ तुम्ही रोज आरशासमोर ठरवता: पूर्ण खोचून, पुढून अर्धा खोचून, गाठ मारून किंवा नुसता मोकळा सोडून. फुलांचे प्रिंट, फिके रंग, फुगीर बाह्या, भोकाभोकांचं भरतकाम, बारीक पट्टे या वसंतातल्या नेहमीच्या यशस्वी गोष्टी दोन्हीकडे सारख्याच मिळतात. त्यामुळे 'सध्या काय चाललंय' एवढ्यावर ड्रेस की टॉप हा प्रश्न सुटत नाही. तो सुटतो तुमची मापं, दिवसभरात बदलणारं तापमान आणि कपडा धुवायची पद्धत यांवरून.

मापं जुळतात का?

तयार कपड्यांच्या तक्त्यात छाती, कंबर आणि हिप ही तिन्ही मापं एकाच साइजला बांधलेली असतात. टेपने तुमची तीन मापं घ्या आणि प्रत्येक माप कोणत्या साइजमध्ये पडतं ते वेगवेगळं बघा. तिन्ही एकाच साइजमध्ये आली, तर कोणताही ड्रेस बिनधास्त बघा. हिप छातीपेक्षा एका साइजने मोठे असतील तर ए-लाइन (वरून खाली पसरत जाणारा) ड्रेस छातीच्या मापाने घ्यावा, खाली घेर असल्याने हिपचा प्रश्नच येत नाही. अंगाबरोबरचा सरळ ड्रेस हवाच असेल तर तो हिपच्या मापाने घेऊन वरून आत घ्यावा लागतो. फरक दोन साइजचा असेल तर ड्रेसच्या मागे लागू नका. टॉप एका साइजचा आणि पँट किंवा स्कर्ट दुसऱ्या साइजचा, हे स्वस्तात आणि नीट होतं.

'शिंप्याकडून करून घेऊ' म्हणताना काय होतं आणि काय होत नाही ते माहीत असावं. बाजूच्या शिवणीतून एकूण 3 ते 4 सेंमी आत घेणं सोपं आहे. सैल करणं मात्र आतल्या दाबावर, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडावर अवलंबून असतं, आणि तयार कपड्यांत दाब बहुतेक वेळा सेंटीमीटरभरच सोडलेला असतो. खांदा आत घ्यायचा तर बाही काढून परत बसवावी लागते. म्हणून ड्रेस असो वा टॉप, खांदा दुकानातच बसला पाहिजे.

ड्रेससाठी चौथं माप घ्या, जे तक्त्यात सहसा नसतं. कंबरेला एक इलॅस्टिक बांधा आणि बाजूला वाका. इलॅस्टिक सरकून जिथे स्थिर होईल ती तुमची खरी कंबर. आता मान आणि खांदा जिथे मिळतात तिथून छातीच्या उंचवट्यावरून त्या इलॅस्टिकपर्यंत टेप धरा. ड्रेस सपाट अंथरून हेच माप त्याच्या कंबरेच्या शिवणीपर्यंत घ्या. ड्रेस 2 सेंमी किंवा त्याहून जास्त आखूड निघाला तर शिवण बरगड्यांवर चढते, चुण्या पोटाच्या वरच्या भागातून सुरू होतात आणि ड्रेस दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. त्यावर उपाय नाही, कारण वाढवायला कापडच नसतं. उलट 2 सेंमी लांब निघाला तर कंबरेवर कापड गोळा होतं, पण शिवण उसवून वर घेता येते. थोडक्यात, लांब चालेल, आखूड नको.

मग दोन्ही हात वर करून बघा. मुंढा (बाही जिथे जोडतात तो गोल काप) खोल कापलेला असेल तर बाहीबरोबर अख्खा ड्रेस वर उचलला जातो आणि खालची कडही चढते. टॉपमध्ये हाच दोष असला तर खोचलेली बाजू बाहेर येते, एवढंच. पुष्कळांना वाटतं मुंढा सैल म्हणजे हालचाल मोकळी. असतं नेमकं उलट. काखेजवळ कापलेल्या मुंढ्यात हात जास्त मोकळा फिरतो. खोल मुंढ्याचा कपडा आवडलाच असेल तर काखेत कळी (कापडाचा जादा तुकडा) घालून घेता येते, पण ती त्याच कापडाची हवी.

कंबर बांधलेली, सरकती आणि नसलेली

सगळे ड्रेस या बाबतीत सारखे हट्टी नसतात. डिझायनर डायान फॉन फुर्स्टनबर्ग यांनी 1974 मध्ये जर्सीचा (टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा) रॅप ड्रेस, म्हणजे पुढचे पल्ले एकमेकांवर घेऊन बांधायचा ड्रेस लोकप्रिय केला. त्याची कंबर नाडीने बांधली जाते, त्यामुळे दोन-तीन सेंमीचा फरक आपोआप मुरतो आणि वजन थोडं वरखाली झालं तरी ड्रेस चालतो. त्याची खोड वेगळी: बसल्यावर किंवा वाऱ्यात पुढचे पल्ले उघडतात. खरेदी करताना खुर्चीवर बसून पाय हलवून बघा. वरचा पल्ला खालच्यावर किमान 25-30 सेंमी चढलेला नसेल तर मांडी दिसणारच. गळ्याच्या फुलीवर आतून एक टिच बटण लावलं की वरचा त्रास संपतो.

दुसऱ्या टोकाला कंबरच नसलेला ड्रेस. डिझायनर इव्ह सँ लोराँ यांनी 1958 च्या वसंतासाठी दिओर या फॅशन हाउसमध्ये जी ट्रॅपीझ लाइन आणली, ती खांद्यावरून थेट खाली पसरत जाते. अशा ड्रेसला कंबरेचं माप लागत नाही, पण सगळं वजन खांद्यावर असल्याने खांदा चुकला की सगळंच चुकतं. छाती भरलेली असेल तर कापड छातीवरून सरळ खाली लोंबतं आणि पुढची कड मागच्यापेक्षा वर जाते. छातीला टक्स (कापड चिमटीत धरून घातलेल्या, आकार देणाऱ्या शिवणी) असलेला घ्या. टक्स नसतील तर पुढे दोन सेंमी जास्त उंची आहे का ते बघा.

शर्टड्रेस, म्हणजे शर्टासारखा पुढे बटणांचा ड्रेस, या दोहोंच्या मधला. बटणं छातीवर फाकतात ही त्याची जुनी तक्रार. छातीच्या सर्वात पुढच्या रेषेवर नेमकं एक बटण आलं पाहिजे. ते नसेल तर साइज मोठी करून उपयोग नाही, दोन बटणांच्या मध्ये आतून टिच बटण लावावं. पट्टा बारीक घ्यावा की रुंद? छातीपासून कंबरेपर्यंतचं अंतर कमी असेल तर 2 ते 2.5 सेंमीचा, जास्त असेल तर 4-5 सेंमीचाही शोभतो.

टॉप मोकळा वाटतो, पण त्यालाही नियम आहेत

खोचायचा टॉप कंबरेच्या खाली किमान 15 सेंमी उतरला पाहिजे, नाहीतर दोनदा वाकलं की बाहेर. शर्टासारखी गोल कापलेली कड खोचण्यासाठी चांगली, सरळ कड मोकळी सोडण्यासाठी. मोकळा टॉप हिपच्या सर्वात रुंद जागी संपू नये, नजर तिथेच थांबते. त्याच्या पाच सेंमी वर थांबवा, नाहीतर थेट मांडीच्या मध्यापर्यंत न्या. आखूड टॉपबरोबर उंच कंबरेची पँट हवी, आणि टॉपची कड पँटच्या पट्टीवर दोन-तीन सेंमी चढलेली असावी.

पेप्लम टॉप घेताना मात्र सावध राहा. त्याला कंबरेत शिवण आणि खाली झालर असते. म्हणजे तो मांडीवर कापलेला ड्रेसच आहे आणि वरचं चौथं माप त्यालाही तितकंच लागू पडतं. टॉप समजून विनामाप घेतलेले पेप्लम बहुतेक कपाटातच राहतात.

सकाळी गारवा, दुपारी ऊन

वसंताची खरी अडचण ही. इथे टॉप सरळ जिंकतो. बिनबाह्यांचा टॉप, त्यावर उघडा शर्ट, खाली पँट. ऊन चढलं की शर्ट उतरवून कंबरेला बांधला. ड्रेसवर जॅकेट घालताना पुन्हा कंबरेची रेघ आडवी येते. घेरदार ड्रेसवर जॅकेट कंबरेपाशीच संपलं पाहिजे. ते हिपवर उतरलं तर घेर दाबला जातो आणि मध्येच एक ठोकळा दिसतो. सरळ, अंगावरून सुळकन उतरणाऱ्या स्लिप ड्रेसवर मात्र गुडघ्यापर्यंतचा उघडा शर्ट छान दिसतो. फुगीर बाहीवर जॅकेट घालूच नका. तासाभरात बाहीचा फुगा बसतो आणि इस्त्रीशिवाय उठत नाही.

दुपारच्या उकाड्यात पारडं फिरतं. सैल ड्रेसमध्ये खालून हवा खेळते आणि कंबरेला टॉप, पट्टी, बेल्ट असे थर नसतात. दिवसभर घराबाहेर उन्हात असाल तर ड्रेसच घ्या. सायकल किंवा दुचाकी चालवणार असाल तर मोठा घेर चाकाकडे ओढला जातो, तिथे टॉप-पँटला पर्याय नाही.

एकच कापड, दोन वागणुकी

| कापड (दर चौरस मीटर वजन) | ड्रेसमध्ये | टॉपमध्ये |
|---|---|---|
| मलमल, व्हॉइल (60–90 ग्रॅम) | अस्तर लागतंच | आत कॅमिसोल (बारीक पट्ट्यांचा आतला टॉप) पुरतो |
| पॉपलिन (100–130 ग्रॅम) | घेर उभा राहतो, शर्टड्रेसला उत्तम | फुगीर बाही टिकते |
| लिनन (140–190 ग्रॅम) | सरळ कट घ्या. बसून उठलं की मागे चुण्या | मोकळा सोडा, खोचला की गोळा होतो |
| व्हिस्कोज म्हणजे रेयॉन (110–140 ग्रॅम) | सुरेख पडतो, पण आटतो | खोचलेला सुटत राहतो |
| कॉटन जर्सी (150–200 ग्रॅम) | स्वतःच्या वजनाने लांबतो | सर्वात बिनत्रासाचा |

कापड आटलं की ड्रेस आणि टॉप सारखेच बिघडत नाहीत. व्हिस्कोज 4 टक्के आटलं असं धरा. 60 सेंमीचा टॉप 2.4 सेंमीने आखूड होतो, अर्धा खोचला की कुणाला कळतही नाही. 110 सेंमीचा ड्रेस 4.4 सेंमीने आखूड होतो. शिवाय वरचा 40 सेंमीचा भाग 1.6 सेंमीने वर जातो, म्हणजे दुकानात जेमतेम बसलेली कंबर पहिल्याच धुण्यात बरगड्यांवर. वर 'लांब चालेल, आखूड नको' म्हटलं त्याचं हेही एक कारण.

ओल्या व्हिस्कोजची ताकद कोरड्याच्या जवळपास निम्मी होते (सुती धागा उलट ओला असताना जास्त मजबूत असतो). म्हणून व्हिस्कोजचा ड्रेस पिळू नका, आणि ओला असताना खांद्यावर टांगू नका. पाण्याने जड झालेला घेर खांद्याची शिवण ओढतो. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवा वाळवा. टॉप लहान असल्याने त्याला हे सगळं कमी सोसावं लागतं.

पांढरा आणि फिका कपडा घेताना कापडाच्या आत हात घालून खिडकीच्या उजेडात धरा. बोटं मोजता आली तर ड्रेससाठी अस्तर हवं. अस्तर सुती असावं, पॉलिस्टरचं कोरड्या हवेत पायांना चिकटतं. आतले कपडे पांढरे नकोत, त्वचेच्या रंगाचे घ्या. पांढऱ्याखाली पांढरं जास्त दिसतं.

प्रिंट आणि रंग

मोठ्या फुलांना जागा लागते, ती ड्रेसमध्ये मिळते. टॉपमध्ये मुठीपेक्षा मोठं फूल कंबरेच्या पट्टीवर अर्धवट कापलं जातं. तिथे बारीक नक्षी किंवा पट्टे बरे. ड्रेसचं प्रिंट मात्र अंगावर घालूनच तपासा, एखादं फूल नेमकं छातीच्या टोकावर येतं आणि ते हँगरवर कळत नाही. फिका पिवळा, पुदिन्याचा हिरवा असे रंग चेहऱ्याजवळ काहींना निस्तेज करतात. असा रंग आवडत असेल तर तो स्कर्टमध्ये घ्या आणि वर पांढरा किंवा गडद टॉप ठेवा. ड्रेसमध्ये ही सोय नाही, गळ्याशी गडद ओढणी-स्कार्फ घेणं एवढंच हातात उरतं.

हिशेब

चार टॉप आणि दोन पँट म्हणजे कागदावर आठ जोड्या, वर एक उघडा शर्ट धरला तर सोळा. प्रत्यक्षात खालचे दोन्ही कपडे साधे, एकरंगी असतील तरच हा आकडा खरा. टॉपही छापील आणि स्कर्टही छापील असले की निम्म्या जोड्या बाद. ड्रेस एकटाच एक जोडी, पण सकाळचा विचार वाचवणारी. मापं एका साइजमध्ये येत असतील आणि कंबर जुळत असेल तर एक सुती, मधल्या वजनाचा शर्टड्रेस किंवा रॅप ड्रेस घ्यावा आणि बाकीचे पैसे टॉपवर लावावेत. हिप एका साइजने मोठे असतील तर पहिला ड्रेस ए-लाइनच. पुढून पूर्ण उघडणारा असेल तर अंगावर पाजणाऱ्या आईलाही तो सोयीचा.

काही घेतलं तरी उंची लगेच कमी करू नका. एकदा धुवा, वाळवा. उरेब (कापडाच्या धाग्याला तिरका) कापलेला घेर असेल तर पूर्ण दिवस टांगून ठेवा, कारण तिरक्या धाग्यावरचं कापड जागोजागी कमीजास्त उतरतं. मग नेहमीचे बूट घालून उभं राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून मोजून टाचण्या लावायला सांगा. स्वतः वाकून लावल्या तर कड मागून वाकडी येते.