रुग्णालयातली आयटी मुलाखत: नेटवर्किंग घोटायचं की डायकॉम शिकायचं?

चुलतभावाला रुग्णालयातून आयटीसाठी बोलावणं आलंय, हातात जेमतेम आठवडा. एवढ्यात नेटवर्किंग पक्कं करायचं की डायकॉम, म्हणजे एक्स-रे, स्कॅनसारख्या प्रतिमा साठवायची-पाठवायची प्रमाण पद्धत, शिकायची?

खर्च दोन्हीकडे नगण्य. नेटवर्किंगला घरचा राउटर पुरतो. डायकॉमसाठी ऑर्थँक हा मोफत सर्व्हर लॅपटॉपवर चालतो. सर्टिफिकेटवाल्यांच्या जाहिराती सोडा.

मेहनतीत मात्र फरक आहे. आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), डीएचसीपी (तो आपोआप देणारी सोय) कॉलेजात झालेलं असतं, नुसती उजळणी हवी. डायकॉम नवाच प्रांत. पण 'एक्स-रे डॉक्टरांच्या स्क्रीनवर येत नाही, काय कराल?' या प्रश्नावर सगळेच पिंग (यंत्र नेटवर्कवर उत्तर देतं का ते पाहणं) म्हणतात; त्यापुढे एई टायटल (डायकॉममधलं यंत्राचं नाव) आणि पोर्ट (जोडणीचा क्रमांक) तपासेन म्हणणारा उठून दिसतो.

हेल्पडेस्कची जागा असेल तर नेटवर्किंगच. पॅक्स (या प्रतिमा साठवून डॉक्टरांना दाखवणारी यंत्रणा) सांभाळायचं असेल तर आधी डायकॉम. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा दोन्हीकडे विचारू शकतात, तेवढा चाळून जा.