क्लाउनफिशचा रंग बदलल्यावर वेगळी टाकी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

रीफ टाकीशेजारी (म्हणजे जिवंत कोरल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीशेजारी) मासा वेगळा ठेवण्यासाठी ४० लिटरची साधी काचेची टाकी नऊ महिने चालू आहे. तळ मोकळा, वाळू-दगड नाही. स्पंज फिल्टर, ५० वॉटचा हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन एल्बो (वळणाचे तुकडे) आणि झाकण, एवढ्यावर ऑसेलॅरिस जातीच्या क्लाउनफिशची जोडी नीट राहते. निकाल आधीच सांगतो: महागडे दिवे घेण्याआधी ही टाकी मांडा. मात्र रंगात फरक दिसला की मासा उचलून तिच्यात टाकायचा, असं करू नका.

नारिंगी अंगावर शाई सांडल्यासारखे काळे डाग आले, पण मासा खातोय आणि कल्ले नेहमीसारखे हलताहेत, तर आधी टाकीत नवीन काय आलं ते बघा. अ‍ॅनिमोन (डंख करणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री जीव), टॉर्च कोरल किंवा हॅमर कोरलमध्ये मासा नुकताच शिरू लागला की डंखामुळे त्वचा काळवंडते. सवय झाली की काही आठवड्यांत डाग विरतात. औषध लागत नाही. उलट जाळीनं पकडताना अंगावरचा चिकट थर खरवडला जातो आणि ते नुकसान डागांपेक्षा मोठं. रात्री मासा फिका पडतो, तेही नैसर्गिक. त्यामुळे तुलनेचे फोटो दिवे लागल्यावर तासाभरानं, पांढऱ्या उजेडात काढावेत.

महिनोन्‌महिने हळूहळू रंग उतरत असेल तर खाणं तपासा. नारिंगी रंग देणारी कॅरोटिनॉइड्स ही रंगद्रव्यं मासा स्वतः बनवत नाही. क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) किंवा अ‍ॅस्टाझँथिन हे कॅरोटिनॉइड असलेले पेलेट द्यावे लागतात.

खरी घाई पांढऱ्या थराची. अंगावर दुधी, चिकट पदर, त्वचा सुटल्यासारखी, धापा आणि खाणं बंद, ही ब्रुकलिनेलाची लक्षणं. हा परजीवी माशाच्या अंगावरच दुभंगून वाढतो, म्हणून दोन-तीन दिवसांत मासा जातो. निळ्या एलईडीखाली थर ओळखू येत नाही. बाजूनं पांढरी टॉर्च मारा. कॉपरच्या (तांब्याच्या) औषधाचा इथे उपयोग नाही. माशाला फॉर्मेलिनची अंघोळ द्या: वेगळ्या बादलीत, टाकीइतक्याच क्षारतेच्या आणि तापमानाच्या पाण्यात, ३७ टक्के फॉर्मेलिन दर ४ लिटरला १ मिली, ४५ मिनिटं. एअर पंप जोरात हवा, कारण फॉर्मेलिन पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं. मासा आडवा पडला तर लगेच बाहेर काढा. बाटलीत तळाशी पांढरा साका असेल तर ती वापरू नका, तो विषारी असतो. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. अंघोळीनंतर मासा या वेगळ्या टाकीत जातो, रीफमध्ये परत नाही.

टाकीची सगळ्यात नाजूक बाजू अमोनिया. जास्तीचा स्पंज रीफच्या संपमध्ये (टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) कायम ठेवा. अमोनिया पचवणारे जीवाणू बसण्यासाठी तो किमान महिनाभर मुरलेला हवा. तरीही अमोनिया रोज तपासा आणि दिवसाआड १० लिटर पाणी बदला. त्याला सुमारे ३६० ग्रॅम मत्स्यालयाचं समुद्री मीठ लागतं. घनता १.०२५. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ पीपीटी (हजारी ३५ भाग) क्षारतेच्या द्रावणावर जुळवा.

पाण्याबाबत कोल्हापुरात दोन गोष्टी सांभाळा. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ होतं, त्यामुळे आरओ-डीआयचा (पाण्यातले क्षार पूर्ण काढणाऱ्या यंत्रणेचा) गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर लवकर तुंबतो. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्यावरून हलला की डीआयचं रेझिन बदला. आणि घरातल्या पिण्याच्या प्युरिफायरचं पाणी वापरू नका. त्यात टीडीएस मुद्दाम राखलेला असतो, काहींत तर तांबं सोडणारी कार्ट्रिज असते. माणसाला ते चालतं, कोरल आणि कोळंबीला नाही.

एप्रिल-मे मध्ये एवढंसं पाणी दुपारी झटकन तापतं. पृष्ठभागावर पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. उडालेलं पाणी गोड्या आरओ-डीआयनं भरा, खाऱ्यानं नाही. पावसाळ्यात हवा दमट असल्यानं पंख्याचा गुण कमी येतो. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

मुंबई-पुण्याहून पिशवीत आलेला मासाही आधी इथेच उतरवा. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया जहाल होतो. तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसू नका. टाकीची घनता आधीच पिशवीएवढी करा, तापमान जुळवा आणि मासा सोडा.

व्हेल्वेट या परजीवी आजारासाठी या टाकीत एकदा कॉपर वापरलं, तर तो स्पंज आणि एल्बो रीफमध्ये पुन्हा कधीच नेऊ नका.