'ड' कुठे गेला? स्प्लिट घ्यावा की ॲलिस

अमळनेरच्या मावसभावाचा फोन आला. "दादा, मनगट जाम दुखतंय. वायरलेस मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचं पक्कं झालंय, फक्त कोणता ते सांग." मी विचारलं, "मराठी कशात टाइप करतोस?" "त्याचा काय संबंध भो?" म्हणाला. सगळा संबंध तिथेच आहे.

मनगटाचा विचार करून केलेले हे कीबोर्ड ढोबळमानाने दोन प्रकारचे. ॲलिस म्हणजे अंग एकच, पण कळा मधोमध दुभंगून दोन्ही हातांकडे कललेल्या. स्प्लिट म्हणजे दोन सुटे तुकडे, खांद्यांच्या रुंदीइतके लांब ठेवायचे. जळगावला माझ्या टेबलावर दोन्ही आहेत आणि दिवसभर माझं इनस्क्रिप्टमधलं (भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळमांडणीतलं) मराठी चालतं.

खांद्यांना आराम स्प्लिटवरच जास्त, यात वाद नाही. शिवाय इनस्क्रिप्टमध्ये मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे हात आलटून पालटून चालतात. दोन तुकड्यांवर ही लय छान लागते. पण पहिल्याच दिवशी मी 'गाडी' लिहायला गेलो आणि पडद्यावर आलं 'गी'. इनस्क्रिप्टचा 'ड' असतो पी च्या उजवीकडच्या कळेवर. ४२ कळांच्या कॉर्न नावाच्या माझ्या स्प्लिटवर मुळात त्या जागी बॅकस्पेस असतो. त्याने 'गा'चा काना खाल्ला आणि पुढची वेलांटी उरलेल्या 'ग'ला जाऊन चिकटली.

बॅकस्पेस अंगठ्याखाली नेला, 'ड' परत मिळाला. मग 'डॉक्टर' अडला, कारण 'ॉ' असतो बॅकस्लॅशवर आणि ती कळच नाही. 'कृपया'चा 'ृ' बरोबरच्या (=) चिन्हावर, तीही नाही. आकड्यांची ओळच नसल्याने शिफ्टसह ५ चा 'ज्ञ', ६ चा 'त्र', ७ चा 'क्ष' हे सगळे दुसऱ्या लेयरमध्ये, म्हणजे एक खास कळ धरली की बाकीच्या कळांना मिळणाऱ्या दुसऱ्या अर्थांत. मी दोन कळा एकदम दाबल्या की 'क्ष' उमटेल असे कॉम्बो केले. आता हात बसला आहे, पण पहिले तीन आठवडे पूर्वीच्या निम्म्या वेगानेही काम होत नव्हतं. ग्लोव्ह८० सारख्या ८० कळांच्या स्प्लिटवर कळांचा असा दुष्काळ नाही. मात्र तो परदेशातून मागवायचा, वर कस्टम ड्युटी.

ॲलिसवर हा प्रश्नच येत नाही. कीक्रॉन के११ मॅक्ससारख्या ६५ टक्के (नंबरपॅड आणि एफ-कळांची ओळ नसलेल्या) ॲलिसवर कंस, बॅकस्लॅश, आकडे सगळं जिथल्या तिथे. बऱ्याच ॲलिसवर बी ची कळ दोन्ही बाजूंना असते, म्हणजे 'व' कुठल्याही हाताने येतो.

करंगळीचं दुखणं मात्र दोन्हीकडे सोडवता येतं. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ, ध, भ, श, ण, ळ सगळे शिफ्ट धरून येतात. मनगटापेक्षा खरी करंगळीच पिळून निघते. स्प्लिटवर मी शिफ्ट अंगठ्याला दिला आहे. तोही चिकट शिफ्ट: एकदा टेकवा, पुढचं एक अक्षर शिफ्टचं. ॲलिसवर स्पेसचे दोन तुकडे असतात, त्यातला डावा शिफ्टच्या कामी लावता येतो.

बदल करायला ॲलिस सोपा. केबल लावायची, ब्राउझरमध्ये व्हीआयए हे कळा बदलायचं ॲप उघडायचं, कळ निवडायची, संपलं. वायरलेस स्प्लिट बहुधा झेडएमके या फर्मवेअरवर (कीबोर्डच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) चालतात. त्यात कळांची फाइल लिहून गिटहब या संकेतस्थळावर चढवायची, तिथे फर्मवेअर तयार होतं, मग रिसेट दोनदा दाबून ती फाइल पेनड्राइव्हसारखी कीबोर्डवर टाकायची. झेडएमके स्टुडिओ आल्यापासून साधे बदल थेट होतात, पण माझे कॉम्बो अजून फाइलमध्येच आहेत.

स्प्लिटला बॅटऱ्याही दोन. कॉम्प्युटरशी बोलणारा तुकडा आधी संपतो, दुसरा मागाहून. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि लिथियम बॅटरी त्याहून गरम असताना चार्ज करू नये. माझी खोली पत्र्याची, म्हणून चार्जिंग रात्रीच. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळ राहत असाल तर उघड्या सांगाड्याचा स्प्लिट घेऊच नका, आत रुई जाते.

कळेखालच्या स्विचबद्दल एवढंच: क्लिक करणारे नकोत. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत ते ऐकू येत नाहीत, डिसेंबरच्या रात्री आई उठून विचारते काय कुटतोयस. आणि उंच की बुटके हे आधी पाहा. एका विक्रेत्याने मला बुटके पाठवले, ते माझ्या सॉकेटमध्ये बसेनात, आणि परत घ्यायला त्याने महिना लावला.

फोनेटिकमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करून लिहिणाऱ्याला ए ते झेड पुरतात. त्याने ४२ कळांचा स्प्लिट बेधडक घ्यावा. टंकयंत्राच्या धर्तीवर बोटं बसलेल्यांनी ॲलिसच घ्यावा. इनस्क्रिप्टवाल्याकडे महिनाभराचा धीर असेल तर स्प्लिट, नाहीतर ॲलिस.

मावसभाऊ इनस्क्रिप्टवाला निघाला. शिवाय दुपारी त्याच्याच काउंटरवर दुसरा मुलगा बिलं करतो. म्हणून मावसभावाला ॲलिस सांगितला. रविवारी घेऊन ये म्हटलं, डावा स्पेस असा करून देतो की टेकवला तर स्पेस, दाबून धरला तर शिफ्ट. त्या पोराला कळणारही नाही.