पोटातल्या जिवाणूंची चाचणी करणारं किट : अण्णांसाठी मागवलं, त्याचा अनुभव

माझे वडील, अण्णा, ७१ वर्षांचे. ३४ वर्षं एसटी चालवली. बिडी सोडून ११ वर्षं झाली, आणि गेल्या दिवाळीनंतर फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. सध्या दर ३ आठवड्यांनी त्यांना मिरजेला नेऊन पेम्ब्रोलिझुमॅबचं सलाईन लावतो. ही इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, लागू पडणं पोटातल्या जिवाणूंवरही अवलंबून असतं, असं कुठंतरी कानावर आलं आणि मी काही न वाचता अंगठा लावल्यासारखं हे किट मागवून टाकलं. सोबत ३ महिन्यांच्या प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल. सगळे मिळून १२,५०० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. घरात असा पेशंट असलेल्या कुणालाही किट घेण्याआधी हे माहीत असावं, एवढ्यासाठी लिहितेय.

आधी चांगलं ते. डबा नीट पॅक केलेला, कुरिअर दारातून शौचाचा नमुना घेऊन गेला, रिपोर्ट १९ दिवसांत आला. आत बोटभर नळी, झाकणालाच जोडलेला चिमुकला चमचा, आणि नमुन्यातला डीएनए खराब होऊ नये म्हणून तळाशी टिकवणारं द्रावण. सूचनांमधली चित्रं मात्र सगळी कमोडची. आमच्याकडं साधा संडास, त्यात अण्णांचे गुडघे. शेवटी जुन्या प्लास्टिकच्या घमेल्यात कागद अंथरला. "पोरी, हे तू नको करूस," अण्णा दोनदा म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, माझं सगळं तुम्हीच केलंत की." मग ते काही बोलले नाहीत.

आता खरी तक्रार. सोबतच्या फॉर्ममध्ये उंची, वजन, झोप, शाकाहारी की मांसाहारी, ताण किती, असे २ पानं प्रश्न. गेल्या महिन्याभरात अँटिबायोटिक घेतलं का, हा प्रश्नच नाही! अण्णांची दाढ सुजली होती, दाताच्या डॉक्टरांनी ५ दिवसांचा कोर्स दिला होता आणि तो संपून जेमतेम १२ दिवस झाले होते. माझ्या हे लक्षातही आलं नाही.

रिपोर्ट ३८ पानांचा, सगळा इंग्रजीत. पहिल्याच पानावर लाल रंगात 'अकरमॅन्सिया कमी'. मी घाबरून तो कॅन्सरच्या डॉक्टरांपुढं ठेवला. त्यांनी एक पान उलटलं आणि विचारलं, "मध्ये अँटिबायोटिक झालं होतं का?" माझ्या पोटात गोळाच आला.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. अकरमॅन्सिया हा आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थरावर जगणारा जिवाणू. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेतल्या लोकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की याच जातीच्या औषधावर असलेल्या २४९ पेशंटपैकी ज्या ६९ जणांना उपचाराच्या आगेमागे अँटिबायोटिक मिळालं होतं, त्यांना गुण कमी आला. त्यात फुफ्फुसाचे पेशंट बरेच होते. २०२२ मध्ये फुफ्फुसाच्याच ३३८ पेशंटचा अभ्यास आला. ज्यांच्या पोटात अकरमॅन्सिया सापडला त्यांचं एकंदरीत बरं चाललं, पण ज्यांच्यात तो फारच माजला होता त्यांचं तसं नव्हतं. म्हणजे 'कमी म्हणजे वाईट, जास्त म्हणजे चांगलं' असा सरळ हिशेब नाही. रिपोर्टमध्ये मात्र तो तसाच मांडलाय. शिवाय त्यातले सगळे आकडे टक्क्यांत. अँटिबायोटिकनं इतर जिवाणू मेले, की उरलेल्यांचा टक्का आपोआप वर जातो. जिवाणू मुळात किती आहेत, हे त्यातून कळतच नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते कॅप्सूलचं. घरी येऊन भिंगानं बाटलीवरचं बारीक वाचलं. ९ प्रकारचे जिवाणू, सगळे लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडो जातीचे. जो कमी म्हणून लाल केलाय, तोच त्यात नाही! फोनवरच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, यानं एकूण आरोग्य सुधारतं." डॉक्टरांनी त्या सुरू करायला साफ मनाई केली. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये त्वचेच्या कॅन्सरवर काम केलं होतं. त्यात दिवसाला अन्नातले निदान २० ग्रॅम तंतू (फायबर) पोटात जाणाऱ्यांना इम्युनोथेरपीचा गुण जास्त आला, आणि दुकानातली प्रोबायोटिक्स दिलेल्या उंदरांमध्ये तो उलट कमी आला. जपानमध्ये फुफ्फुसाच्या ११८ पेशंटच्या नोंदी तपासल्या तेव्हा प्रोबायोटिक घेतलेल्यांचं बरं दिसलं, पण तो जिवाणूच वेगळा, क्लोस्ट्रिडियम ब्युटिरिकम. जिवाणू म्हटला की सगळे एकाच माळेचे मणी नव्हेत.

डब्यावर फुफ्फुसाचं चित्र आहे. शौचाच्या नमुन्यावरून फुफ्फुसातलं काही कळत नाही. तिथंही जिवाणू असतात, हे खरं. न्यूयॉर्कमध्ये २०२० साली फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ८३ पेशंटच्या श्वासनलिकेतले नमुने तपासले, तेव्हा ज्यांच्या खालच्या भागात तोंडातले जिवाणू जास्त उतरले होते, त्यांचा आजार जास्त पुढं गेलेला आढळला. पण त्यासाठी दुर्बीण घालावी लागते, घमेलं नाही.

अँटिबायोटिक लागलं तर घ्यायचंच, अंगावर काढायचं नाही, फक्त आधी फोन करायचा, असं डॉक्टरांनी बजावलंय. ॲसिडिटीच्या गोळीबद्दलही तेच. जेवणात जोंधळ्याची भाकरी आमटीत चुरून आणि मटकीची उसळ, जेवढी जाईल तेवढी.

५ पैकी २ गुण देते, तेही पॅकिंगला आणि वेळेवर आलेल्या रिपोर्टला. फॉर्ममध्ये तो एक प्रश्न घातला तर ३ देईन. कॅप्सूल कंपनी परत घेत नाही, तिन्ही बाटल्या सील न फोडता कपाटावर आहेत. पुढचा डोस गुरुवारी आहे. अण्णांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर मी आता लाल पेनानं लिहून ठेवलंय : दाढ, अँटिबायोटिक, ५ दिवस, आणि खाली तारीख.