वायूंची शब्दकोडी: सात महिने रोज सोडवल्यावर

सात महिने झाले हे शब्दकोड्यांचं ॲप वापरतेय, म्हणजे मी आणि सासूबाई दोघी मिळून, सकाळचे पोहे-जिरावन आटोपले की मोबाइल टेबलावर आडवा ठेवायचा आणि आईंनी चष्मा शोधायचा. ॲपचं नाव लिहीत नाही, तक्रारी पण आहेत ना. त्यातल्या 'वायू' या संचाबद्दलच लिहिते, बाकी नद्या-फुलं नेहमीसारखीच.

पहिला महिना नुसता वैताग. मराठीत एका घरात एक अक्षर, जोडाक्षर असलं तरी घर एकच, त्यामुळे निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन, ओझोन, मिथेन, क्लोरीन सगळे तीन घरांचे आणि सगळ्यांच्या शेपटीला 'न'. उभ्या शब्दातून शेवटचा न मिळाला म्हणून आनंद करावा तर तो कोणालाही चालतो. वर स्पेलिंगची बोंब. एका कोड्यात झेनॉन चूक आणि क्सेनॉन बरोबर, पुढच्याच कोड्यात उलटं. आर्गॉन की अर्गॉन यावर तर आई एकदा माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. नंतरच्या अपडेटमध्ये दोन्ही चालायला लागलं, तेवढं बरं केलं.

दुसरी गोष्ट म्हणजे काही संकेत सरळ इंग्रजीतून उचललेत. "एकही नाही, विस्कटलं की लाल पाटी पेटते (३)". आम्ही तीन दिवस बसलो! शेवटी भाच्याने सांगितलं की इंग्रजीत 'नन'ची (none, म्हणजे एकही नाही) अक्षरं फिरवली की निऑन (neon) होतं. तसंच 'ऑर्गन'चं आर्गॉन, 'अडॉर्न'चं रेडॉन. इंग्रजीत मस्त असेल, पण मराठीत सोडवणाऱ्याने ते कुठून आणायचं? असे आठ-दहा तरी आहेत, सरळ सोडून द्या.

पण जिथे लिहिणाऱ्याने मराठीच वापरलीय ना, तिथे पैसे वसूल. "तो असला तर पाहिजे, ती असली तरी दिसत नाही (२)". मी वारा, वायू, वाफ सगळं घालून पाहिलं, आई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "अगं हवा. तो हवा, ती हवा." मी गप्प. "दिव्यात जळते, गुडघ्यात धरतो (२)" म्हणजे वात. आणि आमच्या घरात सगळ्यात गाजलेला, "संपला तर आई वैतागते, झाला तर बाबा (२)". यावर सासरे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, माझ्या पोटाचं कोडं केलंय का कोणी.

रेडॉनसाठी मराठीतला संकेत पण आहे, "मित्राला हाक, मग गुंडांचा म्होरक्या, जमिनीतून गुपचूप घरात शिरतो (३)". रे अधिक डॉन, आणि तो वायू खरंच जमिनीतून घरात झिरपतो. एक अक्षर फुकट नाही त्यात. इंग्रजीवाल्याला हे सात जन्मात सुचणार नाही.

अमोनियाला "कल्हईवाल्याच्या नवसागरातून नाकात (४)" असा होता. मला नवसागरच, म्हणजे अमोनियम क्लोराइड, माहीत नव्हता. मग आईंनी अख्खी कल्हई सांगितली, भाता, तापून लाल झालेलं पातेलं, कथील, कापसाच्या बोळ्याने नवसागर फिरवला की उठणारा पांढरा धूर आणि डोळ्यांत पाणी. कोडं अर्धवट राहिलं त्या दिवशी, पण चालतं.

हेलियमचा "मिरचीच्या गावात, ग्रहणात, सूर्याच्या नावाचा (४)". मिरची म्हणजे गुंटूर, तिथूनच १८६८ च्या ऑगस्टमधल्या खग्रास ग्रहणात जान्सन या फ्रेंच माणसाने सूर्याचा वर्णपट तपासला होता आणि ग्रीकमध्ये हेलिओस म्हणजे सूर्य. हे सगळं संकेताखालच्या बल्बच्या चिन्हावर बोट ठेवलं की येतं, ही सोय चांगली आहे. तिथेच कळलं की आर्गॉनचा ग्रीक अर्थ आळशी, १८९४ मध्ये सापडला, हवेत शंभरात जेमतेम एक भाग आणि कोणाशी संयोग म्हणून करत नाही. तेव्हापासून आमच्या चिरंजीवांना रविवारी दहा वाजेपर्यंत आर्गॉनच म्हणतात.

मिथेनला "इंदूरच्या ओल्या कचऱ्यात बसून सिटी बसमध्ये फिरतो" असं वाचून आम्ही दोघी ओरडलोच, देवगुराडियाचा प्लांट! ओल्या कचऱ्यापासून बसचा गॅस तिथेच बनतो, २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा रोज साडेपाचशे टन कचरा घेण्याइतकी क्षमता होती त्याची. आई आता भाजीची देठं हिरव्या डब्यात टाकताना "चला, बसमध्ये बसा" म्हणतात.

एक गोष्ट मात्र फार खटकली. हसवणाऱ्या वायूच्या, म्हणजे नायट्रस ऑक्साइडच्या, शेजारीच भोपाळच्या गॅसवर शब्दांची कोटी केली होती. १९८४ च्या त्या रात्री आईंची मावसबहीण भोपाळमध्येच होती. आईंनी मोबाइल पालथा ठेवला आणि आत गेल्या. मी कडक मेल केली, उत्तर आलं नाही, पण तीन आठवड्यांनी ते कोडं दिसेनासं झालं. निदान सॉरी तरी म्हणायचं.

चार स्टार देतेय, एक भोपाळचा कापला. सदस्यत्व पुढे वाढवलंय, कारण शेवटच्या कोड्यात "ओ दिली आणि विभागात गेलो, ऊन सोसवेना (३)" यावर आई अजून अडकल्यात आणि मला सांगू देत नाहीत.