बांधावरचे काटेरी झुडूप: करवंद, तांबट, पांढरफळी की घाणेरी?

कोकणात किंवा घाटमाथ्यावर जुनी जागा विकत घेतली की गडग्याच्या कडेला, न लावता उगवलेले एखादे काटेरी झुडूप हमखास असते. त्याला लहान गोल फळे धरतात, शेजारी प्रत्येक जण वेगळे नाव सांगतो आणि जागा साफ करायला आलेला माणूस कोयता परजून उभा असतो. झुडूप ठेवायचे, कुंपणात वाढवायचे, फळे मुलांच्या हाती द्यायची की मुळासकट काढायचे, हे त्याची ओळख पटल्याखेरीज ठरवता येत नाही. ओळख पटवताना बहुतेकांची नजर आधी फळाकडे जाते, आणि घोटाळा तिथेच होतो. कारण हिरवे, मग लाल, मग काळे होणारे वाटाण्या-बोराएवढे फळ आपल्या रानात अनेक झाडांना येते. पान, चीक आणि काट्याची जागा या तीन गोष्टी मात्र वर्षातला बराच काळ पाहता येतात व फळापेक्षा अधिक भरवशाच्या ठरतात.

पहिली परीक्षा चिकाची. पानाचा देठ मोडल्यावर पांढरा, दुधासारखा चिकट चीक आला, पाने समोरासमोर जोडीने असली, ती जाड, तुकतुकीत व अखंड कडेची असली आणि पेऱ्यापाशी कठीण, सरळ काटे जोडीने असले (काही काटे टोकाला दुभंगलेले दिसतात), तर ते करवंद आहे असे जवळजवळ निश्चित म्हणता येते. या लेखातील इतर कोणत्याही झुडपाला असा चीक नाही. करवंद हे कण्हेरीच्या कुळातले झाड असल्यामुळे चीक कच्च्या फळातही असतो, आणि हिरवी करवंदे चिरणाऱ्याच्या बोटांना त्याचा अनुभव असतोच. हिवाळा सरताना येणारी पांढरी, सुवासिक, पाच पाकळ्यांची चांदणीसारखी फुले आणि मे महिन्यात पिकणारी काळी फळे ही नंतरची साक्ष.

करवंदाशी सर्वांत जास्त गल्लत होते ती तांबटाची. त्यालाही काटे असतात, फळही तांबडे होऊन जांभळट काळे पडते आणि तेही खाल्ले जाते. परंतु तांबटाची पाने एकाआड एक असतात, त्यांची कड दातेरी असते, देठ मोडला तरी चीक येत नाही आणि काटा जोडीने नव्हे तर पानाच्या बगलेत एकटा असतो. नवी पालवी लालसर फुटते. फळ पिकले असेल तर त्याच्या शेंड्याकडे नीट पाहावे: तांबटाच्या फळाच्या टोकावर फुलातील परागवाहिन्यांचे बारीक अवशेष ठिपक्यांसारखे राहिलेले दिसतात, करवंदाचे टोक मात्र गुळगुळीत असते. करवंदातील बिया चपट्या व मोजक्या, तर तांबटातल्या कठीण.

निर्णय घेणाऱ्याने तांबटाबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. यात नर व मादी झाडे बहुधा वेगवेगळी असतात, त्यामुळे बागेतले एकुलते झुडूप वर्षानुवर्षे फुलूनही फळत नसेल, तर खत-पाण्याला दोष देण्यात अर्थ नाही. नर झाड ठेवावे का, हा मग आवडीचा प्रश्न उरतो. माझ्या मते ठेवावे, कारण कॉमन लेपर्ड या काळ्या ठिपक्यांच्या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या तांबटाच्या पानांवर वाढतात, आणि अशा झुडपाची बागेतील जागा केवळ फळांच्या हिशेबाने ठरवू नये.

पांढरफळीची ओळख फळे असताना अगदी सोपी आहे, कारण मिरीएवढी, मेणासारखी पांढरी फळे डहाळ्यांना दाटीने लगडतात. फळे नसताना तिची लहान, गोलसर, एकाआड एक पाने आणि टोकाला थेट काट्यात संपणाऱ्या फांद्या पाहाव्यात. तिच्या बिनकाट्याच्या भावंडालाही अशीच पांढरी फळे येतात. यांतही नर-मादी झाडे वेगळी असतात. पिकलेले फळ खातात, पण माणसापेक्षा पक्ष्यांनाच त्याचा उपयोग अधिक. कोरड्या, मुरमाड जागेत कुंपणाच्या ओळीत ती निभावून नेते, म्हणून तिथे उपटण्याचे कारण नाही. तोरण नावाच्या झुडपाचे फळही पांढरेच. मात्र ते मोठे व एकबियाचे असते, पानाच्या तळापासून तीन शिरा निघतात, काटे मागे वळलेले असतात आणि झुडूप शेजारच्या झाडांवर चढत जाते.

घाणेरीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण ती रानात सर्वत्र दिसते म्हणून अनेक जण तिला देशी समजतात. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली असून शोभेचे झाड म्हणून इंग्रजी अमदानीत इकडे आणली गेली. तिचे खोड चौकोनी, कडांवर बारीक वाकडे काटे, पाने समोरासमोर पण खरखरीत, आणि पान चुरगाळल्यावर येणारा उग्र वास एकदा ओळखला की पुन्हा चूक होत नाही. फुले रंगीबेरंगी गुच्छात, फळे निळसर काळ्या घोसात. हिरवी फळे विषारी आहेत आणि पाला खाल्लेल्या जनावरांच्या यकृताला इजा होते. फुलपाखरे तिच्यावर बसतात हे खरे. तरीही बुलबुलांनी पसरवलेल्या बियांमुळे ती बांध व्यापते, तेव्हा फळे पिकण्याआधी, पावसात जमीन मऊ असताना, मुळासकट काढणे हाच माझा सल्ला. नुसती कापली तर बुंध्यातून पुन्हा जोमाने फुटते.

गेळ आणि अळू ही जोडीही विचारात घ्यावी लागते. दोन्ही काटेरी, दोन्हींची पाने समोरासमोर आणि दोन्हींची फळे पिवळसर. अळवाचे (भाजीच्या अळवाशी याचा संबंध नाही) पिकलेले फळ खाण्याजोगे असते व त्यात काही कठीण आठळ्या असतात. गेळाच्या फळावर पेरूसारखा मुकुट असतो, आत गरात पुष्कळ बिया असतात आणि ते वांती आणणारे म्हणून औषधात व मासे गुंगवण्यासाठी वापरले जाते. काजऱ्याच्या (कुचल्याच्या) झाडाचे प्रकरण याहून गंभीर आहे. तोडलेल्या बुंध्यातून फुटलेला काजरा झुडपासारखा दिसतो. त्याची पाने समोरासमोर, तुकतुकीत, तळापासून तीन ते पाच ठळक शिरांची, आणि फळ नारिंगी, गोल, मुलांना मोह पडेल असे. बी प्राणघातक आहे. नाव नक्की न कळलेल्या झाडाचे फळ, पक्षी खातात एवढ्यावरून, कोणी तोंडात घालू नये.

करवंद ठरले, तर प्रश्न ठेवण्याचा नसून किती ठेवण्याचा असतो. कुंपणासाठी याहून चांगले देशी झुडूप मला माहीत नाही: पाणी मागत नाही, छाटणी सोसते, गुरे आत शिरत नाहीत, हिरव्या फळांचे लोणचे होते आणि बेकरीतली लालभडक ‘चेरी’ पुष्कळदा पाकात मुरवलेले करवंदच असते. मोठी फळे हवी असल्यास दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे ‘कोकण बोल्ड’ वाण लावता येते. मात्र रानटी करवंदाची आंबट-गोड चव मोठ्या फळात सापडेलच असे नाही, म्हणून जुनी जाळी काढून नवी लावण्याची घाई करू नये.

मोबाइलवरील ओळखणारी अॅप्स फुलाच्या छायाचित्रावरून बरी मदत करतात, परंतु नुसत्या पानावरून ती करवंद व तांबट यांत गफलत करू शकतात. शंका राहिल्यास फूल, फळ व काटा असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी, चीक आला का व फुलाचा रंग कोणता हे सोबत लिहून ठेवावे, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील केंद्रात किंवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागात दाखवावी. कोयत्याला तोवर एक हंगाम थांबायला सांगावे. घाणेरी असेल, तर मात्र थांबण्याची गरज नाही.