गिटार अ‍ॅम्पचं प्रोफाइल घेताना: फुल रिग की डायरेक्ट, लॅपटॉप की पेडल?

जळगाव-धुळ्याकडे लग्नाचा ऑर्केस्ट्रा असो की अहिराणी गाण्याचं रेकॉर्डिंग, गिटारवाल्याच्या वाट्याला व्हॉल्व अ‍ॅम्प क्वचितच येतो. केबल सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला जाते. वर डिस्टॉर्शन पेडल लावलं की बाटलीत अडकलेल्या माशीसारखा आवाज येतो, कारण अ‍ॅम्प आणि त्याचा स्पीकर हे दोन्ही दुवे मधून गायब असतात. ती जागा आता डिजिटल प्रोफाइल, म्हणजे खऱ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची फाइलमध्ये उतरवलेली नक्कल, भरून काढतं, आणि चांगली प्रोफाइलं फुकटातही मिळतात. अडचण निवडीची आहे. माझं मत ठाम आहे: अ‍ॅम्पच्या नावावर जाऊ नका. आपला आवाज शेवटी कोणत्या स्पीकरमधून लोकांच्या कानावर पडणार, हे आधी ठरवा.

आधी मॉडेलिंग आणि प्रोफाइल यांतला फरक. लाइन ६ हेलिक्स किंवा फ्रॅक्टलची यंत्रं अ‍ॅम्पच्या सर्किटचं वागणं गणितात बसवतात. त्यामुळे गेन (आवाज किती फाटवायचा ते ठरवणारा नॉब), बेस, ट्रेबल खऱ्या अ‍ॅम्पसारखे फिरतात. प्रोफाइलची पद्धत वेगळी. खरा अ‍ॅम्प एका ठरावीक सेटिंगवर ठेवतात, त्यातून चाचणीचा सिग्नल सोडतात आणि आत काय गेलं, बाहेर काय आलं हे ताडून पाहतात. जर्मनीच्या केम्पर कंपनीने २०११ च्या सुमारास ही वाट रुळवली. पुढे क्वाड कॉर्टेक्स हे पेडल, २०२२ मधलं टोनएक्स आणि फुकट मिळणारं न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर, म्हणजे नॅम, यांनी हेच काम न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे नमुन्यांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामवर, आणलं.

म्हणजे प्रोफाइलमध्ये त्या एका सेटिंगचाच अ‍ॅम्प मिळतो. त्यावरचा गेन वाढवला तर बहुतेक ठिकाणी फक्त आत जाणारा सिग्नल मोठा होतो. खऱ्या अ‍ॅम्पचा गेन फिरवल्यावर आवाजाचा पोत जसा बदलतो तसा इथे बदलत नाही. केम्परने २०२३ मध्ये लिक्विड प्रोफाइलिंग आणून ही उणीव बरीच कमी केली, पण ते यंत्र महाग आहे. एका सेटिंगवर समाधान होत नसेल, सतत नॉब फिरवायची सवय असेल, तर मॉडेलिंगच घ्या. नसेल तर एकाच अ‍ॅम्पची तीन प्रोफाइलं ठेवा: स्वच्छ, किंचित फाटलेलं आणि भरपूर गेनचं. तीन वेगवेगळ्या अ‍ॅम्पपेक्षा हे कार्यक्रमात जास्त उपयोगी पडतं, कारण गाणं बदललं तरी गिटारचा स्वभाव तोच राहतो.

आता मुख्य निवड. फुल रिग प्रोफाइलमध्ये अ‍ॅम्प, कॅबिनेटचा स्पीकर आणि त्यासमोरचा माइक असं सगळं एकत्र असतं. डायरेक्टमध्ये फक्त अ‍ॅम्प. स्पीकर-माइकचा भाग त्याला आयआर म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्सच्या वेगळ्या फाइलने जोडावा लागतो. उलट, नुसत्या आयआरने अ‍ॅम्प मिळत नाही: स्पीकरचा रंग त्यात उतरतो, व्हॉल्वचं फाटणं उतरत नाही.

मिक्सर, हेडफोन किंवा रेकॉर्डिंगसाठी फुल रिग सोपं पडतं. लावलं की वाजतं. पण माइक कुठे ठेवला होता, हे त्यात कायमचं गोठलेलं असतं. माइक स्पीकरच्या मधोमध असेल तर आवाज टोकदार येतो, कडेला सरकवला की मऊ आणि जाड. मंगल कार्यालयाच्या पीएमध्ये, म्हणजे मोठ्या स्पीकरांत, तो टोकदारपणा कानात टोचायला लागला तर फुल रिगमध्ये इक्यूने कापाकापी करणं एवढंच हातात उरतं. डायरेक्टमध्ये अ‍ॅम्प तोच ठेवून आयआर बदलता येतो. म्हणून माझा कौल डायरेक्ट अधिक दोन चांगले आयआर असा. आणि घरी गिटारचा कॉम्बो अ‍ॅम्प असेल, त्याच्या मागच्या रिटर्नमध्ये (थेट पॉवर भागाला जाणाऱ्या जॅकमध्ये) पेडल जोडणार असाल, तर फुल रिग मुळीच नको: एका स्पीकरचा आवाज दुसऱ्या स्पीकरमधून गेला की सगळं गुदमरतं.

लॅपटॉप की पेडल? घरी शिकायला, रेकॉर्डिंगला लॅपटॉपवरचं नॅम बिनधास्त घ्या. फक्त साध्या हेडफोन जॅकमधून गिटार आत घेऊ नका. हाय-झी (गिटार थेट जोडायचं) इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस लागतोच, आणि विंडोजवर असिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाजातला उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, येण्याजाण्याचा आणि ड्रायव्हरचा वेळ धरून उशीर त्याहून जास्त होतो, तरी हाताला तो सहसा जाणवत नाही.

कार्यक्रमाला मात्र पेडलच. आपल्याकडे लग्नसराई ऐन एप्रिल-मेमध्ये, भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर. मांडवात तापलेला लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो आणि आवाजात टकटक सुरू होते. त्यात जनरेटरवर अर्थिंग धड नसेल तर चार्जर लावल्याबरोबर हम येतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं तर बऱ्याचदा थांबतो, पण बॅटरी रात्रभर पुरत नाही. टोनएक्स वनसारखं छोटं पेडल यूएसबीवर चालतं, म्हणजे लाइट गेली तरी पॉवर बँकेवर कार्यक्रम निभावतो. नॅमच्या फाइल वाजवणारी स्वस्त पेडलंही आता आहेत. काही पेडलं त्या फाइल स्वतःच्या साच्यात बदलून घेतात, त्यामुळे लॅपटॉपवर ऐकलेला आवाज तंतोतंत तसाच येईल असं धरून चालू नका.

फुकट की विकत, यावर फार डोकं शिणवू नका. विकतच्या संचात अ‍ॅम्पच्या सेटिंगची नोंद नीट असते, एवढाच खात्रीचा फायदा. फुकटचं घेताना वर्णनात अ‍ॅम्प, गेन, माइक आणि डायरेक्ट की फुल रिग एवढं लिहिलेलं असेल तरच उतरवा. ‘बेस्ट मेटल टोन’ एवढंच लिहिलं असेल तर पुढे चला. रिव्हर्ब, डिले, कोरस प्रोफाइलमध्ये शोधू नका. कालावर चालणारे इफेक्ट अशा कॅप्चरमध्ये येत नाहीत; ते नंतर वेगळे लावायचे.

पारखताना दोन प्रोफाइलांचा आवाज कानाला सारखा मोठा करून मगच तुलना करा. जे मोठ्याने वाजतं ते नेहमीच सरस वाटतं. मग किंचित फाटलेलं प्रोफाइल लावा, जोरात स्ट्रम करा, आणि गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब १० वरून ५ वर आणून तोच कॉर्ड हलक्या हाताने वाजवा. चांगल्या प्रोफाइलमध्ये आवाज स्वच्छ होतो आणि तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. नुसता बारीक झाला, फाटलेपणा तसाच राहिला, तर आधी इनपुट लेव्हल तपासा: ज्याने प्रोफाइल बनवलं त्याच्यापेक्षा तुमचा सिग्नल बराच मोठा जात असेल तर फेंडरचा स्वच्छ आवाजाचा डिलक्स रिव्हर्ब अ‍ॅम्पही मार्शलच्या जेसीएम ८०० सारखा फाटतो. लेव्हल उतरवूनही फरक पडला नाही, तर प्रोफाइल बदला.

शेवटची पारख ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या गर्दीत. खोलीत एकट्याने भरदार वाटलेला बेस-ट्रेबलचा आवाज तिथे बुडतो. १०० हर्ट्झच्या खालचं कापा, मिड थोडे वाढवा, आणि साउंडवाल्या भाऊला सांगून चॅनेलवरचे ट्रेबल-बेस मध्यावर ठेवून घ्या.